रिवर्क नाना

नानांना कुठलीही गोष्ट आधी उलटी करून बघायची सवय आहे. लग्नपत्रिका हातात दिली की आधी मागची बाजू, दिवाळी अंक दिला की आधी शेवटचं पान, पेढ्यांचा बॉक्स दिला की आधी तळ. एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "माल पॅक करणारा वरच्या थराला चांगलेच नग लावतो, सेक्रेटरी. खरी क्वालिटी खालच्या थरात कळती." इंद्रायणीनगरातल्या आमच्या छोट्या वाचनालयाचा मी सचिव, म्हणून त्यांच्या तोंडी सेक्रेटरी. या पदाचा मला दुसरा काही लाभ नाही. नानांचे अभिप्राय मात्र सगळ्यांत आधी मिळतात.

अंगानं नाना किरकोळ. अर्ध्या बाह्यांचा कडक इस्त्रीचा शर्ट आणि त्याच्या खिशात तीन वस्तू: सहा इंची स्टीलची पट्टी, एक लाल पेन, एक हिरवं पेन. हिरवं पेन आमच्यासमोर कधी उघडलं गेलं नव्हतं. एकदा पुस्तक नेणाऱ्या एका पोराला सही करायला त्यांनी चुकून ते दिलं, तर आतली शाई पार वाळलेली. लाल पेनाला रिफिल घालताना मात्र मी त्यांना पुष्कळदा पाहिलंय.

भोसरी एमआयडीसीत, जे ब्लॉकमधल्या एका कंपनीत नाना क्वालिटीला होते. कंपनी शाफ्ट बनवायची आणि ते दुचाकीच्या कारखान्यांना जायचे. हेल्पर म्हणून लागले, इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे यात विशेष काही नाही. मोठे कारखाने पिंपरी, आकुर्डी आणि चाकणला, आणि त्यांना लागणारे बुश, पिना, शाफ्ट करणारी छोटीमोठी वर्कशॉप भोसरीत, अशी इथली वाटणी. सुट्टीसुद्धा आमची निराळी. पुण्याचा रविवार, आमचा गुरुवार.

कंपनीत तपासलेला माल तीन प्रकारचा असतो. हिरवा टॅग म्हणजे ओके, लाल म्हणजे रिजेक्ट, आणि मधला पिवळा रिवर्कचा, म्हणजे परत मशिनवर चढवा, दुरुस्त करा, मग बघू. नाना सरसकट रिजेक्ट करणाऱ्यातले नव्हते, पण पहिल्या फटक्यात ओके म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. बहुतेक नगांना पिवळा टॅग. म्हणून कंपनीत नाव पडलं, रिवर्क नाना. निवृत्तीनंतर टॅग कंपनीत राहिले, नाव घरी आलं.

निवृत्त माणसाला रोज तपासायला काहीतरी लागतं. नानांचं सुरुवातीला बरं चाललं होतं. यात्रांच्या हंगामात ते बैलगाडा शर्यतींच्या घाटावर जायचे आणि प्रत्येक बारीला तिथल्या तिथं अभिप्राय द्यायचे. कोणाचा बैल कुठं बुजला, घड्याळवाल्यानं सेकंद कुठं खाल्ले, निवेदक कोणत्या गाडामालकाचं नाव जास्त वेळा घेतो, सगळं. मग मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. सशर्त परवानगी मिळाली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये, आणि घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा मान्य केला मे २०२३ मध्ये. मधली साडेसात वर्षं नानांकडचा अभिप्रायांचा साठा जाणार कुठं? तो मराठी साहित्याकडं वळला. शर्यतबंदीच्या परिणामांवर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून आले. हा परिणाम कोणाच्या ध्यानात आला नाही.

त्याआधी त्यांनी कुस्तीही करून पाहिली होती, म्हणजे कुस्तीवर बोलून पाहिलं होतं. भोसरी हे पैलवानांचं गाव. एका तालमीच्या कट्ट्यावर उभं राहून नाना आतल्या पैलवानाला डाव कुठं चुकला ते सांगू लागले. पैलवानानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घाम पुसला आणि लाल मातीकडं हात करून म्हणाला, "या नाना, आत या. दाखवा." तेव्हापासून कुस्तीविषयी नानांचं मत अतिशय चांगलं आहे.

लेखक-कवींना ही सोय नसते.

वाचनालयात आल्यावर नानांनी पहिला ताबा घेतला तो अभिप्रायवहीचा. दारात टेबलावर ती वही असते, दोऱ्यानं बांधलेल्या पेनासकट. येणारी माणसं त्यात "स्तुत्य उपक्रम" एवढं लिहून सही ठोकतात. स्तुत्य हा शब्द महाराष्ट्रात आता बहुधा फक्त अभिप्रायवहीतच उरलाय. एका वर्षी आम्ही मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यातल्या सातव्या चित्रावर नानांनी लिहिलेला मजकूर वहीत अजून आहे. तो असा: "डोंगर तीन. सूर्य दोन डोंगरांच्या मधोमध. योग्य. नदी उताराच्या उलट वाहते. अयोग्य. चुलीचा धूर पूर्वेला जातो, देवळाचा झेंडा पश्चिमेला फडकतो. वाऱ्याची दिशा आधी ठरवावी." चित्र काढणारी मुलगी पहिलीत होती. पुढच्या प्रदर्शनात तिनं चित्र दिलं नाही. दिशा ठरली नसावी.

सोसायटीच्या फळ्यावर तर त्यांनी मृत्यूलाही सोडलं नाही. शेजारच्या विंगमधले एक आजोबा गेले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी घाईघाईत "दुःखद निधन" असा कागद लावला. खाली तिरडी बांधली जात असताना नानांनी लाल पेनानं "दुःखद" भोवती गोल केला आणि समासात लिहिलं, "कमी करावे. निधन सुखद नसते." व्याकरण त्यांचंच बरोबर होतं. पण तिरडीला दोरी आवळणारी माणसं मान वर करून फळ्याकडं बघत होती, आणि आजोबांच्या थोरल्या मुलाला रडावं की हसावं ते कळत नव्हतं.

आणि व्याख्यान! मराठी माणसाच्या हातात माइक येण्याची अधिकृत वेळ म्हणजे व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं. एकदा एक प्राध्यापिकाबाई "संत स्त्रियांची कविता" या विषयावर दीड तास सुंदर बोलल्या. अध्यक्षांनी "कोणाला काही प्रश्न?" म्हणायच्या आत नाना उभे. माइकवर दोनदा टकटक. "प्रश्न नाही, फक्त दोन मुद्दे मांडतो." हे वाक्य ऐकलं की आमचा वॉचमन मागच्या रांगेतल्या खुर्च्या उचलायला लागतो, कारण त्याला अनुभव आहे. नानांचा पहिला मुद्दा "आमच्या कंपनीत जेव्हा जपानी ऑडिटर आले होते" इथून निघाला आणि जपानी परत जाईपर्यंत संत स्त्रियांचा संबंध आला नाही. दुसऱ्या मुद्द्यासाठी त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर लाल शाईत रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी, पुन्हा चार उभ्या, पाचवी आडवी, असं अर्धं पान भरलेलं. बाईंनी भाषणात "म्हणजे" हा शब्द एकशेबारा वेळा वापरला होता.

बाई भल्या. "पुढच्या वेळी काळजी घेईन," म्हणाल्या.

चहाच्या वेळी मी नानांना बाजूला घेऊन विचारलं, "बाईंनी मुक्ताबाईंबद्दल शेवटी जे सांगितलं, ते कसं वाटलं?"

"ते काय ऐकलं नाही बुवा. मी मोजत होतो."

खरं तर त्यांनी नेमकं तेच ऐकायला हवं होतं. भोसरीतून आळंदीची बस धरली की थोड्या वेळात जिथं उतरतो, त्या गावाची ती गोष्ट. चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले. वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानानं मोठे; नमस्कार लिहावा, तर वयानं लहान. मायन्याशीच गाडी अडली आणि त्यांनी कोरा कागद पाठवून दिला. मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. इतका नेमका आणि इतका आखूड अभिप्राय या मातीत पुन्हा झाला नाही. ज्ञानेश्वरांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं, तीच चांगदेव पासष्टी. समोरच्यानं एक अक्षर लिहिलेलं नसताना त्याला काय म्हणायचं असेल ते ओळखून, प्रेमानं, सविस्तर दिलेलं उत्तर. आपल्याकडं लिहिलेलं वाचायचेच वांधे.

हे मी नानांना ऐकवलं. नाना हार मानतील? "तुम्ही आळंदीचं सांगता, मी देहूचं सांगतो," म्हणाले. "वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकोबांची सगळी गाथा रिजेक्ट केली. वह्या इंद्रायणीत. तेरा दिवसांनी वर आल्या. टेस्टिंग झालं म्हणून तर मालाची किंमत कळली!"

"नाना, त्याच रामेश्वर भटांनी पुढं तुकोबांचं शिष्यत्व घेतलं. आपण म्हणतो ती तुकारामांची आरती त्यांच्याच नावावर आहे."

नाना जरा थांबले. "म्हणजे रिजेक्टचा टॅग काढून ओकेचा लावला."

"हो. आणि टॅगवर स्वतःची सही केली."

या उत्तरावर त्यांनी चहा संपवला. अभिप्राय दिला नाही.

एकट्या नानांना बोल लावणं बरं नाही. न वाचता "वा, छान, लिहीत राहा" म्हणणारे माझ्या मते नानांपेक्षा वाईट. नाना निदान पान उलटतात तरी. आपली कविता ऐकून झाल्याबरोबर "याच विषयावर माझीही एक आहे" म्हणून वही उघडणारा माणूस तर प्रत्येक कट्ट्यावर असतो, आणि त्याची कविता नेहमी लांब असते. तिसरा कविता ऐकून विचारतो, "आडनावावरून तुम्ही कुठले?" जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीला एच. ए. मैदानावर एकोणनव्वदावं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा नाना चारही दिवस डबा घेऊन हजर होते. अध्यक्ष श्रीपाल सबनीस यांच्या एका वक्तव्यावरून संमेलनाआधीच राज्यभर गदारोळ झाला होता. आमच्या बसमध्ये, रेशनच्या रांगेत, केस कापायच्या दुकानात, सगळीकडं त्यावर मतं पडत होती. ते भाषण मुळातून पुरतं ऐकलेला माणूस मला तरी भेटला नाही. नाना त्या चार दिवसांनी फार सुखावले. "आपण एकटे नाही," म्हणाले.

टीका करू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. अत्र्यांनी १९२५ साली "झेंडूची फुलें" काढून रविकिरण मंडळाच्या कवींची जी खिल्ली उडवली, तिच्याइतका झणझणीत अभिप्राय मराठी कवितेला क्वचित मिळाला असेल. पण अत्र्यांना त्या कवींची प्रत्येक लकब, प्रत्येक यमक तोंडपाठ होतं. ज्याची कविता पाठ नाही, त्याला तिचं विडंबन करता येत नाही. हे सांगितल्यावर नाना पटकन म्हणाले, "बरोबर. रिजेक्ट करायला पण मोजावंच लागतं." तत्त्व कळतं त्यांना. अडतं ते कंपनीच्या गेटबाहेर.

हे मला कळलं ते एका तिऱ्हाइताकडून. वाचनालयात नातीसाठी गोष्टीचं पुस्तक शोधायला एक गृहस्थ आले. आता त्यांचं स्वतःचं वर्कशॉप आहे, पण उमेदवारी नानांच्या कंपनीत झालेली. कोपऱ्यात दिवाळी अंकावर लाल पेन चालवणारे नाना दिसले आणि गृहस्थांनी जाऊन चक्क पाय धरले. नंतर मला म्हणाले, "साहेब, या माणसानं आयुष्यात कधी कोणाला चारचौघांत बोललं नाही."

मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कोणा नानांबद्दल बोलताय.

"नाही ओ. माझा पहिला लॉट अख्खा खराब गेला होता. सुपरवायझर शिव्या घालत आला. नाना शांतपणे मशिनवर आले, माझ्या कानाजवळ म्हणाले, 'सेटिंग हललंय बाळा, पॉइंट झिरो टू मायनस जातंय, ऑफसेट बघ.' कागदावर माझं नाव लिहिलं नाही. नगाचा नंबर, जागा, किती फरक, एवढंच लिहिलं. दुरुस्त झालेला पहिला नग स्वतः येऊन मोजला आणि माझ्या हातात व्हर्नियर देऊन म्हणाले, आता तू मोज. आणि ड्रॉइंग? ड्रॉइंग समोर पसरल्याशिवाय हा माणूस गेजला हात लावत नव्हता. मॅनेजर घाई करायला लागला, तरी नाही. काय बनवायचं होतं तेच माहीत नसेल तर चूक कसली काढता, म्हणायचे."

मी कोपऱ्याकडं बघितलं. नाना एका कथेच्या शीर्षकाखाली लाल रेघ मारत होते. कथेचं पुढचं पान त्यांनी अजून उलटलं नव्हतं.

आता गुरुवारच्या कट्ट्याची गोष्ट. सुट्टीमुळे गुरुवारी दुपारी वाचनालयात लिहिणारी मंडळी जमतात. त्यात बीड जिल्ह्यातून आलेला एक पोरगा असतो. एमआयडीसीत सीएनसी चालवतो, दिघी रोडला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. त्यानं रात्रपाळीवरची कविता वाचायला घेतली. कूलंटचा वास कपड्यांना, कपड्यांचा उशीला. मशिनच्या उघड्या दारातून दिसणारा फिरता स्पिंडल. रात्री दोनला आईचा फोन, आणि फोन घ्यायला कूलंटनं ओला झालेला हात. तो क्षणभर थांबला. कवी थांबतातच. नानांना तेवढा क्षण पुरला.

"तीन मुद्दे आहेत," नाना उभे राहिले. "एक. सीएनसीचं दार उघडं असताना स्पिंडल फिरत नाही. इंटरलॉक असतो. म्हणजे कविता टेक्निकली चुकीची. दोन. गावाकडची आई रात्री दोनला फोन करत नाही. ती झोपलेली असती. तीन. आधीची कडवी चार-चार ओळींची, शेवटचं तीनच ओळींचं. एक ओळ शॉर्ट."

बाकीच्यांनी जमिनीकडं बघायला सुरुवात केली. मला वाटलं, झालं, हा आता पुन्हा यायचा नाही. पोरगा मात्र हसला. म्हणाला, "नाना, ड्रॉइंग बघितलं का?"

"कसलं ड्रॉइंग?"

"ओळ शॉर्ट नाही नाना. माझं वाचून व्हायचंय अजून."

त्यानं राहिलेली ओळ वाचली. आई त्या वेळी फडात असते. उसाची गाडी रात्रीच भरतात. ट्रॅक्टर कधी एकला येतो, कधी दोनला. गाडी भरून झाली की मुकादमाच्या फोनवरून ती पोराला विचारते, तुझी पाळी सुटली का. फोनच्या दोन्ही टोकांना रात्रपाळीच चाललेली असते. एवढं सगळं त्या एका ओळीत होतं. मी इथं त्याची वाट लावून सांगतोय.

कोणी काही बोललं नाही. नानांनी खाली बसता बसता विचारलं, "आणि इंटरलॉक?"

"आमच्याकडं वायर मारून बायपास केलाय. दार बंद करायचा वेळ वाचतो म्हणून. सायकल टाइम कमी होतो."

आता नानांचा चेहरा बदलला. कवितेतली चूक काढणारा माणूस बाजूला झाला आणि क्वालिटीतला माणूस पुढं आला. "कुठलं वर्कशॉप?" त्यांनी विचारलं. पोरानं सांगितलं नाही. नोकरीचा प्रश्न होता. पण नानांनी भोसरीत उगाच उन्हाळे काढले नव्हते. पोरगा कुठल्या चौकात बसमधून उतरतो, एवढ्यावरून त्यांनी काय ते शोधलं. त्या वर्कशॉपच्या मालकाला दोन पानी पत्र गेलं, लाल शाईत. त्यात पोराचा उल्लेख नव्हता, कवितेचा तर नव्हताच. मशिनच्या दाराचा इंटरलॉक बायपास केला तर बोटं कशी जातात, याचं अनुभवी वर्णन होतं, आणि शेवटी "रिवर्क करून कळवावे." पंधरा दिवसांत वायर निघाली. नानांनी आजवर लाल पेनानं लिहिलेल्या सगळ्या मजकुरातलं हेच एक मला फ्रेम करून लावावंसं वाटतं.

त्या गुरुवारी रात्री घरी काय झालं ते नानींकडून कळलं. नाना जेवायला गप्पच बसले होते. नानी म्हणाल्या, "मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलंय. ताट रिकामं होईपर्यंत भाजीवर बोलायचं नाही. नंतर काय बोलायचं ते बोला." हा नियम नानांनी घरात आजतागायत पाळलाय. मेथीच्या भाजीबद्दल त्यांना काय वाटतं, हे अजून कोणालाच माहीत नाही.

दुसऱ्या आठवड्यात अभिप्रायवहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक कागद चिकटवलेला दिसला. वर मथळा: "अभिप्राय देण्याची कार्यपद्धती." नग पूर्ण हातात आल्याशिवाय मोजू नये. बनवणाऱ्याला काय बनवायचे होते ते आधी विचारावे. दोष नगाचा लिहावा, ऑपरेटरचा लिहू नये. दोष कुठे आणि किती ते नेमके सांगावे, नुसते "मजा नाही आली" हे रिमार्क ग्राह्य नाही. चारचौघांत ओके सांगावे, रिवर्क कानात सांगावे. मयताच्या कागदाला पेन लावू नये. शेवटी "शक्यतो बोलू नये" असंही लिहिलं होतं, पण ते त्यांनीच लाल पेनानं खोडून बाजूला सही केली होती.

आता तुम्ही म्हणाल, नाना सुधारले. तसं काही नाही. ते आता कवितेवर कानात बोलतात, आणि त्यांचं कानातलं बोलणं तिसऱ्या रांगेपर्यंत जातं. कथा पूर्ण वाचतात, त्यामुळे पूर्वी पहिल्या पानावरच्या चुका मिळायच्या, त्या आता बाविसाव्या पानापर्यंतच्या मिळतात. व्याख्यानात रेघा मारायचं मात्र बंद झालं. सातव्या चित्रावरच्या अभिप्रायाखाली एके दिवशी नव्या हिरव्या शाईत एक ओळ आलेली दिसली: "वारा कधी कधी दोन्हीकडून येतो." ती मुलगी आता माध्यमिक शाळेत जाते. तिला कोणी वही दाखवली की नाही, ठाऊक नाही.

नानांचा हा गुण योग्य जागी लावावा म्हणून कार्यकारिणीनं ठराव करून त्यांना वाचनालयाच्या स्मरणिकेची मुद्रितं तपासायला दिली. ठराव मीच मांडला होता. स्मरणिका आम्ही गणेशोत्सवात काढतो, कारण कंपन्यांच्या आणि दुकानांच्या जाहिराती तेव्हाच मिळतात. नानांनी पहिलं मुद्रित वाचलं, दुसरं वाचलं, मग प्रेसवाल्याला म्हणाले, "फर्स्ट पीस दाखवा." तो छापून आला, तर स्टीलच्या पट्टीनं समास मोजले. डावीकडं एक मिलिमीटर कमी. परत. देणगीदारांची यादी आली, तर प्रत्येक आडनाव दारोदार जाऊन ताडून बघितलं. एका घरी "कुलकर्णी"तला पहिला "कु" ऱ्हस्व की दीर्घ यावर सासू-सुनेत दुमत निघालं म्हणून दोन दिवस गेले. तेवढ्यात गणपती बुडाले. कागदाचा रंग दुसऱ्या फॉर्मला किंचित पिवळट आला, त्यात नवरात्र गेलं. प्रेसवाला दिवाळीत कामगारांना बोनस वाटत होता तेव्हा नाना तिथं बसून विरामचिन्हं बघत होते.

स्मरणिका दिवाळी उलटून गेल्यावर निघाली. अंकात एकही चूक नाही. मी स्वतः दोनदा शोधली. पण पानोपानी "गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा" छापलेल्या असल्यामुळे जाहिरातदार पैसे द्यायला का-कू करतायत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांना हात जोडून विनंती, की पूर्ण नाही तर निदान अर्धे पाठवा. खजिनदार गुरुवारी दुपारी वाचनालयात असतात. पावतीवरचं नाव नाना तपासून देतील.